अंबुजाबाईंच्या पायऱ्या

…तर मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा आणि नात फाटकाच्या आत, मध्ये फक्त दोन हातांचं अंतर. काल इथवर आलो होतो, तेवढ्यात गॅसवाला आला आणि बोलणं तुटलं. मी हात पुढे केला, निधीनंही केला, आणि मधे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, केसांत वीतभर मोगरा, गळ्यात शाळेचं ओळखपत्र.

"कार्ड?"

आता झालं काय, की त्या शाळेत प्रत्येक घराला फोटो लावलेली दोन कार्डं देतात. कार्ड दाखवल्याशिवाय मूल सोडत नाहीत. आमचं कार्ड घरी फ्रीजवर. मी म्हटलं, "नो कार्ड. ग्रँडफादर." आणि पुरावा म्हणून आधी माझ्या नाकाकडे बोट केलं, मग निधीच्या नाकाकडे. नाक आमचं एकच आहे, कुणीही सांगेल. बाईंनी निधीला विचारलं, "हू इज दिस?" तर ही माझी सख्खी नात, सकाळीच माझ्या ताटातली अर्धी पोळी खाऊन गेलेली, म्हणते कशी, "आजोबा. बट नो कार्ड, मिस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं कार्टे, घरच्या माणसाला अडवतेस होय?"

तशी बाई शांतपणे म्हणाल्या, "रागें भरूं नका तिला. हा नियम मीच शिकवला. बैसा एथें, सुनेला फोन करतें."

मी बसलोच नाही. बसणार कसा? 'बैसा' हा शब्द मी लहानपणी गावच्या देवळात पोथी वाचताना ऐकला होता. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला चेन्नईत यावं लागलं, तेही अड्यारमध्ये सिस्टरांच्या शाळेच्या फाटकात. मी विचारलं, "तुम्ही मराठी?"

"होय."

"गाव कुठलं?"

"तंजावूर."

"तसं नव्हे, मूळ गाव?"

"मूळहि तंजावूरच. साडेतीनशें वर्षें झालीं. त्याच्या आधींचें आमच्या आजोबांनाहि ठाऊक नव्हतें. तुमचें कोठलें?"

"बार्शीच्या अलीकडे, सोलापूर जिल्हा."

"असेल," असं म्हणून त्यांनी फोन लावला.

आमची सून श्रीविद्या सिरुसेरीला कंपनीत असते. ती मीटिंगमध्ये. मुलगा उपेंद्र इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, तिथं फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मग पाऊण तास मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून होतो, आणि पाऊण तास निधी आतल्या बाजूला बसून मला लांबूनच टाटा करत होती. शेवटी सुनेचा फोन आला, मग सुटका झाली. जाताना बाई म्हणाल्या, "उद्यां कार्ड आणा. उद्यां विसरलां तर उद्यांहि बसवीन." दुसऱ्या दिवशी मी कार्ड गळ्यात अडकवून गेलो. तेव्हापासून आमची दोस्ती.

अंबुजाबाई पहिलीला शिकवतात. तेहेतीस वर्षं पहिलीलाच. लग्न होऊन तंजावूरहून आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या. यजमान सेतुमाधवराव टेलिफोन खात्यात होते, आता निवृत्त, सकाळचा पेपर दुपारपर्यंत वाचतात. शाळेत एक टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी तीन महिन्यांसाठी या आल्या. त्या टीचर परत आल्याच नाहीत, नवऱ्याबरोबर कोइमतूरला गेल्या. "तीन महिनें अजून संपायाचे आहेत," असं बाई सांगतात.

घरी त्यांच्या देव्हारा आहे, शाळेत सकाळी मुलांबरोबर हात जोडून 'आमच्या बापा' ही ख्रिस्ती प्रार्थना तमिळमधून म्हणतात. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं की भात आणि भाजी एकाच ताटात कशी जमते.

त्यांची एक रीत मात्र सांगायलाच हवी. जूनमध्ये पहिलीची पोरं रडतात, ते सगळीकडेच. आमच्या गावी गुरुजी रडणाऱ्याला गूळ देत, गूळ संपला की छडी दाखवत. अंबुजाबाई रडणाऱ्या मुलाजवळ जातात आणि हजेरीपट त्याच्या हातात देतात. "हें धर जरा. माझे हात मोकळे नाहींत." मूल हजेरीपट धरून त्यांच्या मागून वर्गभर हिंडतं. दोन्ही हात त्यात गुंतलेले, मग डोळे पुसणार कशानं? पाच मिनिटांत रडणं थांबतं. निधीनं जूनमध्ये चार दिवस हजेरीपट धरला आणि पाचव्या दिवशी, रडू येत नसताना, मुद्दाम रडून मागितला. बाईंनी दिला नाही. "हें खोटें आहे," म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट, ती नाताळची.

कॅथलिक शाळेत डिसेंबर लागला की क्रिब करतात, म्हणजे येशूच्या जन्माचा गोठा. मध्ये गव्हाण, मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, गुरं. बाईंना नोकरी लागून सहाच महिने झाले होते, तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना त्यांना म्हणाल्या, "तुमच्या घरचं कोलू फार सुंदर असतं म्हणे. यंदा क्रिब तुम्ही मांडा." कोलू म्हणजे नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात ते. तंजावूरच्या मराठी घरांतही असतंच. बाईंनी कधी चर्चची पायरी चढलेली नव्हती. त्यांना वाटलं, बाहुल्या म्हणजे बाहुल्या. त्यांनी शाळेच्या सभागृहात बाकांवर बाक चढवून सात पायऱ्या केल्या. कोलूच्या पायऱ्या विषम असाव्या लागतात, म्हणून सात. वर पांढरंशुभ्र धोतर अंथरलं. सगळ्यांत वरच्या पायरीवर तीन राजे, कारण राजे. त्याखाली मेंढपाळ, त्याखाली मेंढ्या. आणि बाळ लहान म्हणून अगदी खालच्या पायरीवर, पहिल्याच दिवशी.

सिस्टर फिलोमिना आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंबुजा, बाळ अजून जन्माला यायचं आहे."

बाईंनी बाळ उचलून पदरात घेतलं. ठेवायला जागा सापडेना, म्हणून खडूच्या पेटीत ठेवलं. ते शाळेला नाताळची सुट्टी लागायच्या दिवशी, कार्यक्रम झाल्यावर बाहेर काढलं. राजेही खाली आणून एका कडेला, वाटेवर आहेत असे, उभे केले. एवढं होऊनही चूक एक राहिलीच. कोलू उतरवायच्या दिवशी रात्रभरासाठी एक बाहुली आडवी झोपवायची पद्धत असते, सोहळा संपला म्हणून. बाळ तर आधीच आडवं. बाईंनी बराच विचार करून योसेफाला झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा वॉचमन धावत सिस्टरांच्या खोलीत, "अम्मा, सूसैयप्पर पडले!" सूसैयप्पर म्हणजे इकडच्या बोलीत योसेफ. हे सांगताना बाई इतक्या हसल्या की त्यांना फाटकाचा गज धरावा लागला.

पण सिस्टर फिलोमिनांनी पायऱ्या मोडू दिल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याच म्हणाल्या, पायऱ्या राहू देत, पहिलीच्या प्रत्येक मुलानं घरातली एकेक बाहुली आणावी. तेव्हापासून तीच रीत. मुलांनी आणलेलं काहीही पायरीवर जातं. मातीची भाजीवाली, प्लास्टिकचा पोलीस, लाकडी हत्ती, क्रिकेट खेळणारं माकड, एका वर्षी तर शहर बससुद्धा. बाईंची अट एकच: सगळ्यांची तोंडं गव्हाणीकडे. आणि गव्हाण शेवटच्या दिवसापर्यंत रिकामी.

यंदा नोव्हेंबरात निधीच्या डायरीत चिठ्ठी आली. तिच्यात पुढच्या दिवसांचं सगळं लिहिलेलं. खेळांचा दिवस, जो पावसाच्या सुट्ट्यांनी दोनदा पुढे गेला होता, मग सहामाही परीक्षा, मग नाताळचा कार्यक्रम, आणि खाली बाईंच्या अक्षरात, "एक बाहुली, घरातली, नवी विकत आणलेली नको." आमच्या घरात मातीची बाहुली कुठून असणार? मी कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडून ओंजळभर माती आणली आणि गॅलरीत बसून बैल केला. आमच्या गावी पोळ्याला आम्ही पोरं करायचो. निधी बराच वेळ बघत होती.

"आजोबा, हा डॉग आहे?"

"बैल आहे."

"मग हॉर्न्स कुठे?"

"वाळतायत. नंतर लावणार."

"डॉग असला तरी चालेल. मिस घेतात," असं मला धीर देऊन ती आत गेली.

त्याच आठवड्यात फाटकावर बाईंचा चेहरा उतरलेला दिसला. मी विचारलं. मग निधीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करता करता म्हणाल्या, "यंदा पायऱ्या नकोत म्हणतात."

झालं होतं असं. नव्या मुख्याध्यापिका सिस्टर आरोक्यमेरी जूनमध्ये आलेल्या. कामाला चोख, चालायला भरभर. गेल्या वर्षी कुणीतरी पायऱ्यांचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर एका कॅथलिक पालकानं लिहिलं, आमच्या क्रिबमध्ये हे कोलू कशाला? आणि एका हिंदू पालकानं लिहिलं, आमचं कोलू त्यांच्या सणाला कशाला? दोघांची पत्रं फाइलमध्ये एकाखाली एक, नव्या सिस्टरांना ती पहिल्याच महिन्यात सापडली. त्यात यंदा आसपासच्या पाच शाळांची क्रिबची स्पर्धा निघाली. नियम असा, की सहा फूट बाय सहा फूट जागा आणि फक्त बायबलातल्या आकृत्या. एका माजी विद्यार्थिनीनं नवा कोरा संचही भेट दिलेला. सिस्टरांनी बाईंना सांगितलं, नियमाप्रमाणे मांडा, पायऱ्या नाहीत. जमत नसेल तर चर्चची तरुण मंडळी मांडतील. शुक्रवारपर्यंत सांगा.

मला रागच आला. म्हटलं, "सरळ नाही म्हणून सांगा!"

"तसें कसें सांगूं? सिस्टर वाईट नाहींत. पहिलीला साठ लेकरें यायाचीं, यंदा एक्केचाळीस आलीं. बक्षीस आलें, चार लोकांनी नांव ऐकलें, तर शाळेला बरें. त्या शाळेचें बघतात."

"आणि तुम्ही?"

"मी मेंत रिटायर होतें. यंदा पायऱ्या नाहींत तर माझ्या हातून पुन्हा नाहींत. तें एक जाऊं द्या. एक्केचाळीस लेकरांना बाहुली आणा म्हणून सांगून बसलें आहें. अस्कीं आणणार." अस्कीं म्हणजे सगळी. हा शब्द मला आता पाठ झालाय. "त्यांना 'परत न्या' म्हणून कोणत्या तोंडानें सांगूं?"

मी घरी आलो तो हात शिवशिवत होते. आमच्या गावी काहीही अडलं की अर्ज. एसटी थांबत नाही, अर्ज; गुरुजींची बदली झाली, अर्ज. गावाच्या वतीनं अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. मी फूलस्केप काढला आणि लिहायला बसलो. 'मा. मुख्याध्यापिकाबाई यांचे सेवेशी, विनंती अर्ज ऐसाजे…' दीड पान झालं. त्यात बाईंचे हजेरीपट, बाईंची तेहेतीस वर्षं, बाईंचा स्वभाव, सगळं घातलं. शेवटी दोन ओळींत मागणी: पायऱ्या यंदाही व्हाव्यात. दुसऱ्या दिवशी फाटकावर जे आजी-आजोबा नातवंडांना न्यायला येतात त्यांच्यापुढे धरला. मला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. मी हातानं पायऱ्या दाखवल्या, "अंबुजा मिस, स्टेप्स, डॉल्स, यस?" सगळे म्हणाले, "यस, यस!" अकरा सह्या झाल्या. एक तेलुगू आजी तर दोनदा सही करायला निघाल्या होत्या. अर्ज ऑफिसात देऊन मी छाती काढून घरी आलो.

संध्याकाळी उपेंद्र कारखान्यातून आला. मी सांगितलं. त्यानं बूट काढता काढता विचारलं, "बाबा, कुठल्या भाषेत लिहिलात?"

"म्हणजे? मराठीत. अर्ज आहे तो."

तो एका पायात बूट तसाच ठेवून हसत बसला. "बाबा, सिस्टर तमिळ आहेत. त्या वाचणार कशा?"

आता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज म्हटला की हात मराठीतच चालतो. आणि त्यापुढचं जे होतं ते उपेंद्रच्या आईनं फोनवर बार्शीहून सांगितलं: "अहो, त्या शाळेत मराठी वाचणारं माणूस एकच ना? मग सिस्टर तो वाचायला कुणाला देतील?"

शुक्रवारी सकाळी आठाच्या आधीच मी शाळेत हजर. माफी मागावी म्हणून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं. आत सिस्टर आरोक्यमेरी टेबलामागे, समोर अंबुजाबाई उभ्या, आणि बाईंच्या हातात माझा फूलस्केप. बाईंनी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे अक्षर वाचता येतं. त्या वाचत होत्या आणि तमिळमध्ये सांगत होत्या. मला कळत काही नव्हतं, पण दिसत सगळं होतं. बाईंनी कागद खाली ठेवला. सिस्टरांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, दीड पानावरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं. बाईंनी मान खाली घातली. मग दाराकडे बघितलं, तिथं मी. तो डोळ्यांचा कटाक्ष आमच्या गावच्या गुरुजींच्या छडीला भारी होता.

नंतर सिस्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, या वेळी चष्मा काढून. बाईंनी उत्तर दिलं. चार-पाच वाक्यं असतील. मग सिस्टरांनी वही ओढली, पेन काढलं, बाईंना काहीतरी पुन्हा म्हणायला लावलं आणि ते लिहून घेतलं. मग स्पर्धेचा फॉर्म उचलून त्यावर एक रेघ मारली. रेघ मला बाकावरून दिसली. बाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता वर्गाकडे निघाल्या.

निकाल सांगून टाकतो, तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. पायऱ्या झाल्या. सातच. भेट आलेला नवा संच मधोमध ठेवला आणि एक्केचाळीस बाहुल्या भोवतीनं. शाळा स्पर्धेत उतरली नाही. सिस्टरांनी पालकांच्या ग्रुपवर बाईंचं उत्तर स्वतःच्या नावानं नव्हे, बाईंच्या नावानं टाकलं, आणि यंदा पत्र कुणाचंच आलं नाही. पुढच्या वर्षी पहिलीला किती मुलं येतील ते जूनमध्ये कळेल. त्याची काळजी सिस्टरांना अजून आहेच.

पण त्या शुक्रवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी फाटकावर कार्ड दोन्ही हातांनी पुढे धरून मी उभा राहिलो. बाईंनी कार्ड बघितलं, माझा फोटो बघितला, मग मला बघितलं.

"तुम्हांला कोणी सांगितलें होतें?" त्या म्हणाल्या. "माझीच तारीफ मलाच वाचायला लावली. शेवटच्या दोन ओळी सांगितल्या मी. सिस्टर विचारतात, एवढें दीड पान आहे, नि तुम्ही दोनच ओळी कशा सांगितल्या? बाकीची तारीफ आहे म्हणून सांगावें लागलें. लाज गेली माझी."

"चुकलो," मी म्हटलं. "पण मग चष्मा काढून काय विचारलं त्यांनी?"

"विचारलें, 'टीचर, मला खरें सांगा. हें क्रिब आहे कीं कोलू? लोक विचारतात, मी काय सांगूं?'"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

निधी माझा हात ओढत होती, मागे रांग लागली होती. बाईंनी रांगेकडे एकदा बघितलं आणि सकाळी सिस्टरांना जे तमिळमध्ये सांगितलं तेच मला मराठीत, शब्दाला शब्द, सांगितलं:

"मी बोललें, 'सिस्टर, कोलूंत बाहुल्या बसून राहतात, नि त्यांना बघायला माणसें येतात. एथें बाहुल्याच बघायला आल्यात. बाळ अजून यायाचें आहे, म्हणून पायऱ्यांवर थांबल्यात. मग हें कोलू कसें होईल? क्रिबच कीं. आतां काय लिहायाचें तें तुम्ही लिहा. मला जाऊं द्या, वर्गांत अस्कीं लेकरें एकटीं बसलीं आहेत.'"